रिकाम्या डब्यांची रांग

पाणबुडीवरच्या आचाऱ्याला सगळे खलाशी 'मामा' म्हणत. स्वयंपाकघर कपाटाएवढं, शेगडीवरची पातेली सतत कलंडणारी, आणि मामांची जीभ तव्याहून तापलेली. युद्धात त्या पाणबुडीने शत्रूची रसद नेणारी जहाजं बुडवली, कितीदा मरणाच्या दारातून परत आली. कुणी कप्तानाचं कौतुक केलं की मामा फणकारत, "पोट भरलेलं असलं की नेमही बरोबर लागतो!"

एका फेरीच्या तोंडावर मामांना गालगुंड झालं. एवढ्या बाप्या माणसाला पोराटोरांचं दुखणं! खलाशी हसून हसून बेजार झाले. डॉक्टरने मात्र मामांना पाणबुडीवर पाय ठेवू दिला नाही. मग मामांनी बायकोच्या धाकट्या भावाला गळ घातली. तो बंदरावरच्या खानावळीत स्वयंपाक करायचा. "नको हो भाऊजी," म्हणत तो टाळत होता, पण मामांनी पिच्छाच पुरवला. पातेली कशी अडकवायची, हवा कोंदली असताना फोडणी का द्यायची नाही, सगळं त्याच्याकडून घोकून घेतलं.

त्याला घेऊन पाणबुडी गेली ती गेलीच.

युद्ध संपलं. मामा आणि बायको तीच खानावळ चालवू लागले. धाकट्या भावाचं नेमकं झालं काय, या विचाराने दोघंही आतून पोखरून गेली होती.

एका दुपारी एक परका खलाशी जेवायला आला. युद्धात शत्रूच्या गस्ती बोटीवर होता. जेवण आवडलं तसा गप्पांना रंग चढला.

"आम्ही एकच पाणबुडी बुडवली. तिच्या पाठीवरच्या मनोऱ्यावर पांढरा मासा रंगवलेला होता."

तो मासा मामांच्या पाणबुडीचा.

"सापडली कशी?" मामांनी विचारलं.

"सोप्पं होतं हो! पाण्यावर खाण्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची रांग तरंगत होती. त्या मागावर गेलो."

पाणबुडीवर रिकामा डबा दोन्हीकडून टोचल्याशिवाय समुद्रात टाकत नाहीत. टोचला की पाणी भरून तळाला जातो. मामांचा हात ते काम आपसूक करायचा. शिकवताना नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

बायको गल्ल्यावरून उठून आली.

"अहो, डबे तरंगतात?"

"टोचले तर नाही तरंगत."

"मग त्याने का नाही टोचले?"

मामांना तिच्याकडे बघवेना. "मी सांगितलंच नाही त्याला."



"तो तर जायलाच तयार नव्हता," ती म्हणाली.