कौसल्याबाईचा उद्या

सकाळचे आठ वाजले असतील. यवतमाळच्या दवाखान्यात आमच्या खाटेसमोर भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर एक पोरगी धडाधडा बातम्या सांगत होती. कौसल्येच्या नाकाला नळी, हाताला सुई, तीन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. मला वाटलं झोपली असेल. तर डोळे न उघडता म्हणते, "तारीख नाही सांगितली तिनं."

मी म्हटलं, "अवो, खाली पट्टीवर लिहून असते तारीख."

"ज्याले वाचता येत नाही, त्यानं काय करावं मंग?"

माझं डोकं फिरलं. रात्रभर स्टुलावर बसून पाठ धरली होती, डॉक्टर नीट काही सांगत नव्हते आणि हिला त्या पोरीच्या चुका काढायच्या होत्या. मी म्हणालो, "तू चुपचाप पडून राहाय ना वो!" आणि चहा आणायला खाली गेलो. परत आलो तेव्हा नर्स नळी काढून राहिली होती... साठ वर्षांवर संसार केला, आणि माझा तिच्याशी शेवटचा शब्द हा. यालाही तीच कारण आहे. दुसरं काही बोलली असती तर मीही दुसरं काही बोललो असतो.

त्याला आता सात आठवडे झाले. गावात विहारात लोक जमले, दोन शब्द बोलले. सरपंच चांगला पोरगा आहे, तिच्या पाया पडून मोठा झालेला. तो म्हणाला, "कौसल्या आजीनं या गावाले बातमी काय असते ते शिकवलं. अन् उशीर झाला का आपन सगळे काय म्हणतो? कौसल्याबाईचा उद्या!" सगळे हसले. डोळे पुसता पुसता हसले, प्रेमानं हसले, ते मला कळतं. पण मी हसलो नाही. आमच्या गावात कोणाची बैलगाडी वेळेवर आली नाही, जावई सांगितल्या दिवशी आला नाही, की लोक म्हणतात, "कौसल्याबाईचा उद्या झाला गा." म्हणणाऱ्या अर्ध्या पोरांना माहीतही नाही की ही बाई कोण आणि तो उद्या कोणता. मला माहीत आहे. म्हणून लिहितो. मी दुसरी शिकलेला माणूस, जमेल तसं लिहितो.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो आणि पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. कौसल्या वणीची. तिचा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, त्यानं पोरीला चौथीपर्यंत शिकवलं. आमचं गाव मारेगावच्या अलीकडे, आमच्या वस्तीत तेव्हा चौथी पास बाई एकही नव्हती. ग्रामपंचायतीला सरकारनं एक रेडिओ दिला होता. तीन आठवडे बोलला. मग त्याची बॅटरी भरायला यवतमाळला गेली, ती गेलीच. मग ग्रामसेवकानं पेपर लावला आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी पंचायतीच्या ओट्यावर कोणीतरी वाचून दाखवायचा असं ठरलं. पाटलाचा भाचा वाचायचा. एक शब्द वाचला की थांबायचा, ओळ संपली की पुन्हा तीच ओळ धरायचा. कौसल्या विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होती. ती थांबली आणि एवढ्या माणसांत बोलली, "अरे बापा, खालच्या ओळीत उतर ना, फिरून फिरून वर कायले चढतं?"

मी तिथंच बसलो होतो. मला वाटलं, जमिनीत शिरावं. लोक खो खो हसले. ग्रामसेवक मात्र म्हणाला, "बाई, तुम्हीच वाचा मग."

आणि ती वाचायला लागली! घागर माझ्या हातात दिली आणि वाचायला लागली.

पहिले दोन आठवडे तिला ओट्यावर चढू दिलं नाही. बाई, त्यात आमच्या वस्तीची. ती खाली मातीत उभी राहून वाचायची, माणसं ओट्यावर पाय सोडून बसायची. तांड्यावरचे रामसिंग नाईक रोज ऐकायला यायचे, वजनदार म्हातारा, लाल पागोटं. एक दिवस मध्येच उठले आणि म्हणाले, "बाई खाली अन् आपन वर. मान वाकवू वाकवू माही मान दुखून राह्यली. तिले वर चढवा, नाई तं मी माह्या तांड्यात नेतो वाचाले." पाटील थोडे सरकून बसले. झालं. मी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तिला भोंगा करून दिला. माझ्या हातानं दिला. पुढं कितीदा वाटलं, तो कापला नसता तर बरं झालं असतं.

कारण बातम्या वाचून ती घरी येईल तर शपथ. पेपर झाला की गावच्या बातम्या. अमक्याचा गोऱ्हा हरवला, टोचणारा डॉक्टर सोमवारी येणार, तमक्याच्या पोट्ट्या शाळेत जात नाहीत, बापाचं नाव घेऊन सांगायची. दुसऱ्या दिवशी तो बाप आमच्या दारात. तिच्यावर ओरडायला आलेला माणूस जाताना तिच्याकडून अर्ज लिहून न्यायचा. कोणाची बाळंतीण दवाखान्यात नेणं, कोणाच्या सासूला समजावणं, कोणाचं नाव मतदारयादीत घालणं, सगळं हिच्याच डोक्यावर. मी कापसाच्या शेतातून थकून यायचो तर चूल थंड. "अजी, भाकर टोपल्यात आहे," असं भोंग्यातून सांगायची! सगळ्या गावाला माहीत, माझी भाकर कुठं आहे ते.

पेपर आणायचं काम माझं. गावापासून चार मैलांवर सडक, तिथं एक चहाचं हॉटेल. दुपारच्या मोटरीनं पेपर यायचा, मी सायकलनं आणायचो. त्या हॉटेलात मला नाव पडलं होतं, बातमीवालीचा नवरा. "काय गा, आज काय हुकूम आहे बाईचा?" "भाऊ, भाकर सापडली का टोपल्यात?" एका सोमवारी कंडक्टरनं पेपर माझ्या हातात न देता डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "घागर समजून ने." सगळं हॉटेल हसलं. मंगळवारी मी गेलोच नाही. अर्ध्या वाटेवर बाभळीखाली सायकल टाकली आणि पडून राहिलो. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "मोटरच आली नाही आज."

बुधवारी दोन्ही पेपर एकदम आणले. तिनं दोन्ही एकामागून एक वाचले. मंगळवारच्या पेपरात होतं की दाईच्या ट्रेनिंगसाठी बायका निवडायच्या आहेत, उद्या सकाळी दहा वाजता वणीच्या दवाखान्यात हजर राहावं. मंगळवारचा उद्या म्हणजे बुधवार, आणि तो तर मावळून राहिला होता. पण ती भरभर वाचत होती, दोन दिवसांचं एका दिवसात उरकायचं होतं. तिनं उद्या म्हणून वाचलं, गावानं उद्या म्हणून ऐकलं.

आमच्या वस्तीत शेवंता म्हणून एक बाई होती. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहायची आणि भावजय तिचे घास मोजायची. बाळंतपणाचा हात चांगला होता. गुरुवारी भल्या सकाळी निघाली, नवं लुगडं मागून नेसून. दुपारून परत आली ती थेट ओट्यासमोर जमिनीवर बसली. "कालच झालं म्हनते तिथं. कालच निवडल्या बाया. तुमी उद्या कायले म्हनलं वो बाई? माही एकच तं वाट होती."

संध्याकाळी सगळं गाव जमलं. पाटलाचा भाचा मोठ्यानं म्हणाला, "बाईले वाचाले देल्लं तवाच सांगितलं होतं मी." भोंगा काढून घ्या, असंही कोणीतरी म्हणालं. रामसिंग नाईक मान खाली घालून बसले होते. मी मागं उभा होतो. तोंड उघडायचं होतं... उघडलं नाही. एवढंच म्हणायचं होतं, मोटर आली होती, मीच गेलो नाही. कौसल्या ओट्यावर चढली. भोंगा तोंडाशी धरून म्हणाली, "चूक माही आहे. मी पेपरची तारीख पाह्यली नाही. शेवंताबाईची वाट माह्यामुळं गेली, ते मी भरून देईन. आता तुमी म्हणत असान तं भोंगा ठेवते खाली."

कोणी 'ठेव' म्हणालं नाही. शेवंताच म्हणाली, "वाच वो. आता बरोबर वाच."

घरी चुलीपुढं मी एकदाचं सांगून टाकलं. वाटलं, आता ही भांडी फेकेल. ती म्हणाली, "मले माहीत आहे. हॉटेलवाला बाजारात भेटला होता दुपारीच."

"मंग माहं नाव काहून नाही घेतलं?"

"भोंगा माह्या तोंडाशी होता, तुमच्या नाही."

"मी उद्या सांगतो सगळ्याइले."

"खबरदार! लोक म्हणतीन, नवरा बायकोले वाचवून राह्यला. मंग तुमचंही खोटं अन् माहंही खोटं."

अशी बाई. चूक कबूलही करू देईना आणि ती फेडूही देईना. यापेक्षा भांडी फेकली असती तर मी मोकळा झालो असतो. पुढचं वर्षभर ती शेवंताला रोज आमच्या घरी बसवून अक्षरं गिरवायला लावायची, माझ्या जेवणाच्या वेळेला. पुढच्या निवडीला ही स्वतः तिला घेऊन आदल्या दिवशीच वणीला जाऊन बसली. शेवंता दाई झाली. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हातावर झाली आणि मरेपर्यंत ती कौसल्येला एक वावगा शब्द बोलली नाही. पण गावाला शेवंताचं दाई होणं लक्षात राहिलं नाही. गावाला उद्या राहिला.

त्या दिवसापासून भोंगा तोंडाला लावला की पहिली तारीख, मग वार, दोनदा. "आज ऐका, तारीख अमुक. पेपर आजचा आहे." मग बातमी. पुढं वीज आली, घरोघरी रेडिओ आले, ओट्यावर कोणी बसेना. भोंगा आमच्या घरी खुंटीवर आला. तारीख मात्र ती सोडेना. टीव्ही आल्यावर तर मला रोज ऐकावं लागायचं, "साडी चांगली नेसली पोरगीनं, पण तारीख सांगितली नाही." पंचवीस वर्षं ऐकलं मी हे. आता कोणी म्हणत नाही, तर मी टीव्ही लावतच नाही.

विहारातून आलो त्या दिवशी मी भोंगा खुंटीवरून काढला. कडेला गंज आहे, पण तोंडाशी जिथं तिचे ओठ लागायचे तिथला पत्रा अजून गुळगुळीत आहे. ती म्हणायची, चुकीचं जिथं सांगितलं तिथंच दुरुस्त करावं, दुसरीकडं सांगून फायदा नाही. ती होती तोवर तिनं मला बोलू दिलं नाही. आता अडवायला ती नाही, आणि ते ऐकणारेही बहुतेक गेले. पण ओटा आहे. हे लिहिलेलं पेपरच्या पुरवणीत ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी मी सडकेवर जाणार आहे. सायकल आता जमत नाही, नातवाची गाडी आहे. पेपर हातात घेईन, संध्याकाळी ओट्यावर चढेन. आधी तारीख सांगेन, मग वार, दोनदा. मग हे सगळं वाचेन, अडखळत का होईना. कोणी म्हणेल, म्हातारा बायकोला वाचवतो आहे. म्हणू द्या. भोंगा आता माझ्या तोंडाशी आहे.