करकर वाजणारी चप्पल

इम्तियाज गेल्याचा फोन आला तेव्हा मी आजऱ्यात, काजूच्या कारखान्यात, पोत्यांवर लेबलं लावून घेत होतो. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याच आठवड्यात त्यानं बढती मिळाल्याचं कळवलं होतं आणि मी मुद्दाम दिवसभर उत्तर दिलं नव्हतं. दफनाला कोल्हापुरात पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या आईनं माझ्या टायफॉइडला गाळली नसतील एवढी टिपं त्याच्यासाठी गाळली. मी रडत होतो आणि रडता रडता जळतही होतो... गेलेल्या मित्रावर जळणारा माणूस म्हणून माझा कुणीतरी सत्कार करायला हरकत नाही.

सवय जुनी. इंजिनिअरिंग दोघांनी एकदमच पार पाडलं आणि निकालानंतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तेही एकदमच. पंचतारांकित ऐकून आईनं हाटेलात निघालास काय म्हणून विचारलं होतं. मीही तिचाच मुलगा. अशा ठिकाणी रुबाबात जावं म्हणून करकर वाजणारी नवी कोरी कोल्हापुरी चप्पल घालून गेलो. गेटवरच्या रखवालदारानं आधी आवाज ऐकला, मग पाय बघितले. "पावणं, लग्नाला आलाय व्हय? बुटाबिगर आत न्हाय सोडत." माझं नाव पहिलं होतं. इम्तियाजनं खाली बसून आपले बूट काढले. "घाल, विन्या. माझं नाव पुकारायच्या आत भाईर ये म्हंजे झालं."

बूट मला लहान. लंगडतच आत गेलो. साहेबांनी लंगडण्याचं कारण विचारलं. उसने बूट म्हणायची लाज वाटली, म्हणून तालमीत गुडघा गेलाय असं ठोकून दिलं. मग दिवसभर मशीनपुढं उभे कसे राहणार, असं त्यांनी अगदी काळजीनं विचारलं आणि माझी मुलाखत तिथंच आटोपली. बाहेर आलो तर इम्तियाज माझी चप्पल घालून रखवालदाराला गप्पांत गुंतवत होता. त्याचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. माझ्या पायातले बूट त्यानं अक्षरशः ओढून काढले आणि पळत सुटला. परत आला तो नोकरी घेऊनच. बूट तेच. एकदा नापास होऊन आले, एकदा पास होऊन. म्हणजे दोष बुटांचा नव्हता, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

परतताना मी चपलेकडं बघायलाही तयार नव्हतो. "तूच घाल ती," म्हणालो आणि रागाच्या भरात घरापर्यंत अनवाणी आलो. त्यानं माझा शब्द खरा धरला. तेल पाजून पाजून चप्पल जपली. दर रविवारी करकर करत आमच्या गल्लीत यायचा आणि तो आवाज ऐकून आई चहाचं आधण ठेवायची. चप्पल माझी, आई माझी, आणि पहिला कप त्याचा! पुढं मला आजऱ्यात काम लागलं तेव्हा पेढे घेऊन तोच आला. तीच चप्पल घालून. माझ्या पायात ती कधी एवढी बोलली नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. अम्मी आत स्वयंपाकघरात होती. चप्पल उंबऱ्याशी, तेल पिऊन काळीभोर झालेली. डाव्या चपलेत त्याच्याच अंगठ्याच्या मापाचा खळगा पडलेला. काय वाटलं कुणास ठाऊक... मी ती पायात घातली आणि करकर करत दोन पावलं टाकली.

माझ्याशी अम्मी कायम मराठीत बोलते. घरच्या हिंदीत बोलायची ती फक्त त्याच्याशी, आणि त्या आवाजाचाही मला हेवा वाटायचा.

"आया क्या, बेटा?" आतून आवाज आला.

मी तिथंच उभा राहिलो. तिसरं पाऊल काही टाकवेना.