रेडिएटरमधली हळद

आमचा ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला. त्याला नावं ठेवायची मुभा घरात सगळ्यांना आहे, मला सोडून. कारण मी शहरात, गारखेड्यात राहतो आणि त्यात डिझेल भरत नाही. तरी यंत्रांतलं मला थोडं कळतं म्हणून गेल्या उन्हाळ्यात गावाहून, पिशोरहून दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, मलाच फोन आला. "पाणी पितंय अन् पांढरा धूर सोडतंय. ये तुझं मोजमाप घिऊन."

घाई होती. शेजारच्या गावचा एक शेतकरी जोडधंदा म्हणून जुनी यंत्रं भंगारात घेतो. इंजिन फुटलं असेल तर बुधवारी घेऊन जा, असं दादा त्याला बोलून बसला होता. तेव्हापासून दादा अर्ध्या जेवणावरून उठतो, असं वहिनी म्हणाली. दादा स्वतः असलं काही सांगत नाही.

रविवारी सकाळी मी इंजिन गार असतानाच बघायला घेतलं आणि चालू केलं. गड्याचं मत होतं की डिझेलात भेसळ आहे. शेजाऱ्याचं मत होतं की नजर लागली. न जळालेल्या डिझेलचा धूरही पांढरा असतो, पण तो डोळ्यांना झोंबतो. हा झोंबत नव्हता, आणि इंजिन तापल्यावरही थांबत नव्हता. म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी जात होतं. इंजिन बंद करून ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइलात पाणी मिसळलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. आमचं काळंच होतं. इंजिन गार होऊ दिलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि पुन्हा चालू केलं, तर आत बुडबुडे, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात येत होता.

"हेडखालचं गॅसकेट गेलंय, नाहीतर हेडला चीर आहे," मी म्हणालो. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गॅसकेट म्हणजे त्याखालची पाणी अडवणारी पातळ चकती.

"दोन्हीतलं कोन्चं?" दादानं विचारलं.

"खोलल्याशिवाय कळणार नाही."

"मंग एवढा येळ काय आरती करीत होता, सायेब?"

खोलायच्या आधी पाणी काढलं. नऊ लिटर बसायला हवं, बादलीत जेमतेम पाच आलं, तेही पिवळंधमक. खालून गाळ निघाला. वास ओळखीचा होता.

दादा दुसरीकडं बघत म्हणाला, "जराशी हळद टाकली व्हती. गळती बंद हुती तिनं."

"किती?"

"मूठभर."

गडी म्हणाला, "मालक, म्या बी टाकली व्हती. तुम्हाला ठावं नसंल म्हनून."

वहिनी ओट्यावरून म्हणाली, "मी दोनदा टाकली. तुम्ही दोघं ध्यान देत नाय म्हणून."

आमच्याकडं नवरदेवाला लागत नाही इतकी हळद त्या रेडिएटरला लागली होती. गळती खरंच थांबली होती. पाणी फिरायचंही थांबलं होतं. इंजिन तापून तापून गॅसकेट जळालं, हे आता उघड होतं. हेडला चीर गेली की नाही, एवढंच उरलं.

सोमवारी हेड खोलून दादानं आणि मी ते शहरात नेलं. कारागिरानं ते गरम पाण्यात बुडवून आत हवा भरली. चीर असती तर बुडबुडे आले असते. दादा टाकीवर असा वाकला होता की कारागीर म्हणाला, "काका, आंघोळ करायचीय का?" बुडबुडा आला नाही. हेड फक्त वाकडं झालं होतं. ते घासून सपाट केलं, नवं गॅसकेट घेतलं आणि रेडिएटर धुवायला टाकला. मंगळवारी पिशोरच्या मेकॅनिकनं सगळं जोडलं. या खेपेला विहिरीच्या क्षारी पाण्याऐवजी इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं आणि हळदीचा डबा वहिनीच्या ताब्यात दिला. हा निर्णय कितपत सुरक्षित होता, सांगता येत नाही.

बुधवारी भंगार घेणारं ते गिऱ्हाईक आलं. ट्रॅक्टर अर्धा तास चालू होता. तो माणूस सायलेन्सरकडं बघत उभा राहिला, दादा त्याच्याकडं बघत. धूर नाही.

"मंग?" त्यानं विचारलं.

"मंग च्या घ्या."

त्यानं चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आमच्या रानात बी आल्याच्या लागवडीचे बेड पाडायचे राह्यलेत. उद्या टॅक्टर घिऊन येता का?"

"उद्या नाय जमत," दादा म्हणाला. "आधी घरचं. मंग तुमचा नंबर."

आणि आत जाऊन त्यानं भाकरी मागितली.