दालनाबाहेरचा वकील

अनघा गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, निखिलनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी बॉनला विद्यापीठाच्या जिन्यात उभी होते. रडू येण्याआधी मनात आलं, म्हणजे आता तिचं नवं पुस्तक येणार नाही... हे लिहायची लाज वाटते, पण पंधरा वर्षांच्या मैत्रीबद्दल खोटं लिहायची त्याहून जास्त वाटते.

आम्ही दोघी पुण्याहून एकाच वर्षी इथे पीएच.डी.ला आलो. विषयही शेजारशेजारचे, क्रिमियाचं युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहाची बोलणी. जुनं जर्मन हस्ताक्षर लागायला मला सहा महिने गेले. ती पंधरा दिवसांत भाजीची यादी वाचावी तसं वाचू लागली. सर तिचं कौतुक करायचे, मी 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत मान डोलवायचे. जीव नुसता जळायचा माझा.

मग तो गठ्ठा निघाला. एका छोट्या जर्मन राज्याच्या वकिलानं पॅरिसहून धाडलेली पत्रं, आपल्याकडे पेशव्यांचे वकील पाठवायचे तशी. या बिचाऱ्याला तहाच्या दालनात प्रवेशच नव्हता. बाहेर ताटकळायचा, कोण कुठल्या चेहऱ्यानं बाहेर पडलं ते बघायचा आणि राजाला कळवायचा. अभिलेखागारात गठ्ठा आधी माझ्या हाती आला. चार पत्रांतच कळलं, इथे घबाड आहे. दुपारी कॅन्टीनमध्ये अनघानं विचारलं, "काय गं, काही आहे का त्यात?" मी सूप ढवळत म्हटलं, "छे, ऐकीव गप्पा नुसत्या. वेळ घालवू नकोस."

तरी तिनं तो मागवलाच. ज्या दिवशी काहीच कळलेलं नसे, त्या दिवशी हा वकील सगळ्यात ठाम लिहितो, हे तिनं पकडलं. तीच पत्रं मीही वाचली होती, पण मला ते दिसलं नव्हतं. तिच्या पुस्तकात 'हा गठ्ठा माझ्या आधी उघडणाऱ्या मृणालचे आभार' असं छापलंय. टोमणा होता की मोठेपणा... विचारायचं धाडस झालं नाही. अभिनंदन मात्र मिठी मारून केलं.

गेल्या आठवड्यात निखिलकडे गेले. तो लहान वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला चाललाय. अनघाच्या खोलीत टेबलावर पुढच्या पुस्तकाची टिपणं होती. मी फाइल उघडली. त्याच वकिलाच्या बायकोची पत्रं तिनं कुठून तरी शोधून काढली होती. नवऱ्याला दालनातल्या बातम्या पुरवायची ती ही बाई, इतर वकिलांच्या बायकांकडे कॉफीला जाऊन! वाचता वाचता माझा जीव पुन्हा जळायला लागला. गेलेल्या माणसाचाही हेवा वाटतो.

"मला तर ते अक्षरही लागत नाही," निखिल दारातून म्हणाला. "काही आहे का गं त्यात? नाहीतर आल्टपपीअरच्या, रद्दीच्या डब्यात टाकतो."

नाही म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं.

"आहे," मी म्हटलं. "खूप आहे. तिच्याच नावानं छापू."

तो कॉफी करायला गेला. मी तिच्या खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले, थोडी ती गेली म्हणून, आणि थोडी त्या बायकोची पत्रं शोधायचं मला सुचलं नाही म्हणून.