साळूबाईनं कचेरीचं कपाट पुजलं

साळूबाईच्या जिभेला हाड नव्हतं. तिचा नवरा रंभाजी म्हणायचा, "न्हाई तेच बरंय. असतं तर रोज कुनाच्या तरी टाळक्यात बसलं असतं."

नगर जिल्ह्याच्या कोरड्या पठारावर त्यांची आठ-दहा घरांची वस्ती. पाणी अर्ध्या कोसावर, तेही दुसऱ्याच्या विहिरीचं. शहाण्णव साली साळूबाईनं तालुक्याच्या कचेरीत अर्ज टाकला : आमच्या वस्तीच्या मंजूर हापशाचं काय झालं? सरकारला असलं विचारणारा माणूस तेव्हा अर्धवट समजला जायचा. तरी उत्तर आलं, शिक्क्यासकट : "सदर वस्तीवर हापसा बसविला असून तो सुस्थितीत आहे."

साळूबाईनं ते सुनेकडून, रेश्माकडून, दोनदा वाचून घेतलं. मग बाभळीमागं, उकिरड्यामागं डोकावून आली.

"असंल कुठंतरी," रंभाजी म्हणाला. "सरकार उगाच लिहील व्हय?"

"मंग जावा की हंडा घेऊन, त्या सुस्थितीतल्या हापशावर!"

ती तडक साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. साहेब नुकतेच जेवले होते, त्यामुळं दयाळू होते. "मावशी, उत्तर मान्य नसेल तर हरकत घ्या. पण हापसा नाही, याचा पुरावा जोडावा लागेल."

नसलेल्या वस्तूचा पुरावा! दुसरी एखादी घरी जाऊन रडली असती. साळूबाईनं घरी जाऊन घुगऱ्या शिजत घातल्या.

त्याचं असं, की रेश्मा बाळंतीण होती आणि उद्या सव्वा महिना भरत होता. तो भरला की बाळंतिणीनं पाण्याला हळदकुंकू वाहायचं, पाच खडे पुजायचे, घुगऱ्या वाटायच्या. त्याआधी हंडा उचलायचा नाही, अशी रीत. विहिरीवर पुजलं असतं तरी चाललं असतं, पण साळूबाईला आता सरकारी पाणीच पुजायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कचेरीपुढं हलगी कडाडली. सगळे कारकून कामं सोडून बाहेर आले. म्हणजे कामं करत होते असं नाही, बाहेर मात्र आले.

"सायेब, पुरावा आनलाय," साळूबाईनं नातू पुढं धरला. "सुनेला पानी पुजायचंय. तुमचा हापसा आमाला घावंना. तुमी दावा, तिथं पुजू."

"अहो, घरी जाऊन पुजा ना!"

"घरी न्हाई तो. कागदात हाय, न् कागद तुमच्या कपाटात. मंग कपाटच पुजते. रेश्मा, मांड खडे!"

रेश्मानं खरंच कपाटापुढं पाच खडे मांडले. साळूबाईनं कपाटाला हळद फासली आणि साहेबांच्या ओंजळीत घुगऱ्या ओतल्या. बाजारकरी खिडकीतून विचारायला लागले, "सायेब, लागलं का पानी कपाटाला?"

साहेबांना जीप काढावी लागली. वस्तीवर ते बाभळीमागं, उकिरड्यामागं हिंडले. मागून रंभाजी हात जोडून, "जपून सायेब. सुस्थितीत हाय, ठेच लागंल."

पंधरवड्यात बोअरचं यंत्र आलं, पाणी लागलं, हापसा उभा राहिला. रेश्मानं तो पुजला. मागोमाग कचेरीचं पत्र : "आपल्या हरकतीवरून सदर हापशाची किरकोळ दुरुस्ती करण्यात आली आहे."

साळूबाईनं भरला हंडा खाली ठेवला. "रेश्मा, घे कागद. लिही हरकत."

"अगं, पानी आलं ना?" रंभाजी कळवळला.

"आलं की. पन आज जन्मलेल्याचं कालचं दुखनं कसं बरं केलं, तेवढं इचारू दे त्यांना!"