बहात्तर अनारसे

माझ्याकडे गोष्टींचा तोटा नाही. सिंगापुरात बावीस वर्षं काढली. आमच्या मराठी गोतावळ्यात चार डोकी जमली की कोणीतरी म्हणतंच, "विनय, ती विमानतळावरच्या लोणच्याची सांग ना," आणि मी उठतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि सुरू होतो. आवाज काढतो, चाली काढतो, गरज पडली तर खुर्चीवर चढतो. लोक पोट धरून हसतात. ते हसले की माझं निम्मं जेवण तिथेच होतं.

पण एक गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. आज ती सांगायची म्हणून बसलो, आणि बघा — पहिल्याच परिच्छेदात स्वतःचं कौतुक करून मोकळा झालो. सवय हो. दुसरं काय?

तर, फराळ.

बुकित बातोकमधल्या आमच्या कॉन्डोत आणि आसपास नऊ मराठी घरं आहेत. दिवाळीला प्रत्येकीने सगळे पदार्थ करायचे म्हणजे नोकरी सांभाळून मरण. म्हणून आमची एक पद्धत पडली: एका घराने एकच पदार्थ करायचा, पण नऊ घरांना पुरेल इतका. मग एका रविवारी खालच्या फंक्शन रूममध्ये जमायचं, डबे भरायचे आणि आपापला डबा घेऊन घरी जायचं. कोणी काय करायचं याची यादी मी करतो. मीच का? कारण माझी यादी वाचायला मजा येते. "चकली — जोशी वहिनी. काटे चकलीला जास्त की स्वभावाला, हे खाऊन ठरवावे." असं प्रत्येकापुढे काहीतरी. जोशी वहिनी पहिल्या हसतात.

सात वर्षांपूर्वी मिलिंद आणि उज्ज्वला आमच्या कॉन्डोत आले. मिलिंद वन-नॉर्थला एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख, उज्ज्वला औषधांच्या कंपनीत शास्त्रज्ञ. हुद्द्याने, शिक्षणाने, सगळ्याच बाबतीत आम्हा सगळ्यांच्या दोन पायऱ्या वर. माझं ऑफिसही वन-नॉर्थलाच. रोज सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आम्ही बरोबर, जुराँग ईस्टला बरोबर गाडी बदलायची, आणि तेवढ्या वेळात मी त्याला दोन किस्से ऐकवायचे. महिनाभरात तो मला विन्या म्हणायला लागला. या वयात नवा माणूस अरेतुरेवर यावा, याहून काय हवं?

आता एक सांगतो. मराठी माणूस जात विचारत नाही. छे, इतका असंस्कृत तो नाही. तो आडनाव विचारतो. मग मूळ गाव. आणि तरीही उलगडा झाला नाही तर अगदी सहज — "तुमच्याकडे गौरी खड्याच्या की उभ्या?" मी या कलेत उस्ताद. तीन प्रश्नांत समोरच्याचं घराणं सांगतो, आणि त्याचाही मी एक किस्सा केलेला आहे. मिलिंदला पहिल्याच भेटीत विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे गौरी नसतात. आम्ही बौद्ध." बस. माझा खेळच संपवला त्याने. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे आणि शेजारी निळ्या कोटातली ती तसबीर — कोणाची, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

त्या वर्षीच्या यादीत मी लिहिलं: "डबे, रिबिनी, लेबलं — उज्ज्वला वहिनी. मोत्यासारखं अक्षर असलेल्या बाईला कढईपुढे उभं करणं हा गुन्हा आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचं अक्षर खरंच सुंदर आहे. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. चार वर्षं नऊ घरांपैकी आठ घरांनी पदार्थ केले आणि एका घराने रिबिनी कापल्या. कोणाच्या लक्षात आलं? कोणाच्याच नाही, असं मी म्हणेन. कौतुकाच्या रॅपरमध्ये गुंडाळलेली गोष्ट कोण उघडून बघतं?

पाचव्या वर्षी, डबे भरायच्या आदल्या दिवशी सकाळी, दाराची बेल वाजली. उज्ज्वला. दोन्ही हातांत स्टीलचे मोठे डबे.

"भाऊजी, उद्या मला प्रयोगशाळेत जावंच लागतंय आणि मिलिंद आठवडाभर दौऱ्यावर, आमच्याकडून कोणालाच येता येणार नाही. लेबलं पिशवीत आहेत. आणि हे — या वेळी न विचारता केलंय हं. अनारसे. बहात्तर आहेत, घरटी आठ. खसखशीला इथे बंदी, म्हणून तीळ लावलेत. माझी आई बघून रागावली असती."

अनारसे! तुम्ही कधी केलेत? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, ओलसर असतानाच कुटायचे, गुळात मळून ठेवायचे. मग तुपात सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, कारण जरा चुकलं की तो तुपातच विरघळतो. आमच्या आठ सुगरणींपैकी एकीची कधी छाती झाली नव्हती. मी झाकण उघडलं. जाळी अशी पडलेली की वहीत ठेवावी.

"वहिनी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आज मी शब्दांना मुकलो." ती हसत लिफ्टकडे गेली.

आणि मी दोन्ही डबे बेडरूममध्ये नेऊन ठेवले आणि दार ओढून घेतलं.

का? त्या वर्षी बायको पुण्याला होती, सासूबाईंचं ऑपरेशन होतं. घरात मी एकटाच. मी स्वतःला सांगितलं — उगाच कोणीतरी नाक मुरडेल. जोशी वहिनींचे उपास, सोवळं, अमकं तमकं. एखादीने डब्यातून आठ अनारसे गुपचूप बाजूला काढले आणि ते उज्ज्वलाला कळलं तर? तिचा अपमान टाळतोय मी. किती थोर, नाही? दुसऱ्या दिवशी खाली जाताना मी लेबलं घेतली, रिबिनी घेतल्या. बेडरूमचं दार उघडलं नाही.

सोमवारी डबे ऑफिसला नेले आणि पँट्रीत मांडले. तासाभरात फडशा. माझी एक सहकारी, हौगांगची चिनी बाई, तिसरा अनारसा तोंडात धरून म्हणाली, "वाह, विनय, युअर वाइफ मेक वन आह? सो गुड, ला!" आणि मी — मान डोलावली.

डबे घासून परत करायला गेलो. उज्ज्वलाने दारातच विचारलं, "आवडले का हो सगळ्यांना?" आता इथे एखादा साधा माणूस "हो" म्हणून चहा पिऊन आला असता. पण मी! मी सोफ्यासमोर उभा राहिलो आणि बाकीच्या सात घरांच्या सात प्रतिक्रिया करून दाखवल्या. जोशी वहिनी नाकातून — "अय्या, जाळी बघा ना, जाळी!" कुलकर्णी आजोबा कवळी सावरत. पाटलांचा बंटी आठही खाऊन आईच्या हाताला चावतोय असा. मिलिंद खुर्चीतून घसरला. त्यांची मुलगी मित्रा, दहावीची पोर, ओरडली, "अंकल, स्टॉप ला, माय स्टमक पेन!" उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली, "जोशी वहिनी खरंच असं म्हणाल्या?"

"शब्दशः."

"आणि तुम्हाला?"

"मी? वहिनी, तुमच्याच डब्यात तुमचेच अनारसे कशाला, म्हणून तुमच्या वाटणीचे आठसुद्धा मीच खाल्ले."

इतका चांगला प्रयोग माझा आजवर झालेला नाही. हे मी अभिमानाने लिहितोय की लाजेने? लिहिताना दोन्ही होतंय, हेच तर घाण आहे.

चार महिन्यांनी एका वाढदिवसाला उज्ज्वलाने जोशी वहिनींना विचारलं, यंदा कृती लिहून देऊ का. जोशी वहिनी म्हणाल्या, "कसली गं कृती? कसले अनारसे?"

पुढच्या रविवारी सकाळी मिलिंदने मला खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बोलावलं. दोन कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, घेऊन बसला. त्याने आरडाओरडा केला असता तर मी तयारीत होतो. तो म्हणाला, "विन्या, आठवडाभर आमच्या घरात भांडण चाललंय. उज्ज्वला म्हणते, ही जात आहे. मी म्हणतो, हा नुसता गबाळेपणा आहे. तुझ्याशिवाय विचारणार कोणाला? तू खरं सांग. तू म्हणशील ते मी मानतो."

मग त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. चार वर्षं रिबिनी. त्याला बढती मिळाली तेव्हा एकाने विचारलं होतं, "तिकडेही तुमच्या लोकांसाठी जागा राखीव असतात का?" त्यांच्याकडे जेवायला या म्हटलं की निम्म्या घरांना त्याच दिवशी नेमकं काम निघायचं. मुलीला कोणीतरी म्हणालं होतं, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस हं."

आणि मी एकेक घेतलं. हेच माझं कसब. सगळं एकदम मांडलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण एकेक सुटं करून बघितलं तर प्रत्येकाला कारण सापडतं. राखीव जागावाला? अरे, तो मला माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला पगार विचारत होता. जेवायला न येणारे? ते कोणाकडेच वेळेवर येत नाहीत, आमच्याकडे तर एकदा दुसऱ्याच दिवशी आले. "वाटत नाहीस" म्हणणारी बाई माझ्या बायकोला तोंडावर म्हणाली होती, "तू पुण्याची वाटत नाहीस, जाड आहेस." मिलिंद हसायला लागला. त्याला हसायचंच होतं. मला ते दिसत होतं हो — त्याला त्याच लोकांत राहायचं होतं, रोज माझ्याबरोबर गाडीत चढायचं होतं.

"आणि अनारसे?" तो म्हणाला.

तेव्हा मी मान खाली घातली आणि कबुली दिली. खोटी. म्हणालो, "डबे मी स्वयंपाकघरात जमिनीवर विसरलो. रात्रभरात मुंग्या. सगळे टाकावे लागले. बायको इथे नव्हती, लाज वाटली, म्हणून ते नाटक केलं. मी गाढव आहे, मिलिंद. वेंधळा, गबाळा, खोटारडा गाढव."

"साल्या!" त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता! मोठ्या गुन्ह्यातून सुटायला लहान गुन्हा कबूल करायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आपोआप आलं.

आता खरं. गोल गोल फिरून इथेच यायचं होतं.

जोशी वहिनींनी नाक मुरडलं नसतं. त्या उज्ज्वलाकडे कितीदा जेवून आल्यात, हे मला नंतर कळलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही — कारण मी कोणाला विचारलंच नाही. कोणी काही बोललं नव्हतं, कोणी नकार दिला नव्हता, कोणाला पत्ताच नव्हता. त्या दिवशी घरात माणूस एकच होता. डबा उघडा होता, तुपाचा वास घरभर होता. मी एक अनारसा उचलला. मोडला. आणि हात तोंडाशी जाईना. हा मीच, जो हॉकर सेंटरला कोणाच्याही हातचं, कुठल्याही प्राण्याचं, ताव मारून खातो. जो दर कार्यक्रमात माईकवरून सांगतो की जातपात आपण पुण्यात सोडून आलो. मोडलेला अनारसा मी कचऱ्यात टाकला आणि हात धुतले. साबणाने.

पँट्रीत मांडलेले अनारसे एकाहत्तर होते.

दोन दिवसांनी उज्ज्वलाचा फोन आला. आवाज ओढलेला होता.

"भाऊजी, मिलिंदने सांगितलं सगळं. माझंच चुकलं. मी नाही नाही ते मनात आणलं तुमच्याबद्दल. लहानपणापासूनची सवय, हो — जिथे तिथे तेच दिसतं मला. मिलिंद म्हणतो तेच खरं असेल, मी फार संशयी आहे. माफ करा मला."

पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. असे प्रसंग माझ्या हातचे.

"अहो वहिनी," मी म्हणालो, "माफी कसली मागता? मी केव्हाच विसरलो."

ती रडली. मुलीला सांगते, म्हणाली, की अंकलबद्दल आपण उगाच वाईट बोललो.

तिने जे पाहिलं होतं ते तंतोतंत खरं होतं. आजही तिच्या घरात ती संशयी आहे आणि मी गबाळा.