आईचं कडं आणि सोनाराची अट

आज सकाळी कुरुंद्याहून वसमतला गेले, ते थेट सोनाराशी भांडायलाच.

आईला शुगर आहे. चांदीत तांबं मिसळून घडवलेलं कडं शुगर ओढून घेतं, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं आणि तिनं ते याच सोनाराकडून करून घेतलं. कडं काळं पडलं की ही खूश. "बघ, आजार बाहेर येऊन राहिला!"

दुकानात शिरताच मी म्हटलं, "काका, भोळ्या माणसाला काहून फसवता?"

सोनारकाका हसले. "पोरी, चांदी नेहमीचीच हाय, भाव बी नेहमीचाच. तुझ्या आईला मी एवढंच सांगितलं, गोळी बंद करायची न्हाई, अन् रोज घाम आल्याबिगर कडं लागू पडत न्हाई."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. डॉक्टरांनी वर्षभर सांगूनही न हललेली आई महिनाभर रोज कॅनॉलपर्यंत चालून राहिली आहे! परवाच्या तपासणीत शुगरही उतरली होती.

घरी आले तर आई हात पुढं करून उभी. "आज तर लईच काळं पडलं!"

"व्हय आई. उद्या कॅनॉलच्याही पुढं, पुलापर्यंत जाऊ, मी पण येते."

मंडळी, तिला खरं काय ते सांगू, की गुपचूप उद्याच्या चालण्यासाठी बूट काढून ठेवू?